विरघळणारी गाठ

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या डोळ्यात एक नळी आहे. वरची पापणी अंगठ्याने उचलली आणि त्याला जमिनीकडे बघायला सांगितलं, की डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक फिकट उंचवटा दिसतो. नळी केसाहून थोडीशीच जाड. तिचं टोक बुबुळाच्या पुढच्या पाण्यात बुडालेलं. बारशा-साखरपुड्यांत पाहुणे जेवून सुस्तावले की मी त्यांना "या, या, जवळ या" करून ही जागा दाखवत असे, जत्रेतला खेळवाला पेटीतला साप दाखवतो तशी. वहिनीने एकदा भर मांडवात माझ्या हातावर चापट मारली आणि खेळ बंद पडला. म्हणून आता लिहून दाखवतो. लिहिताना मात्र मला वाटलं होतं तेवढं हसू येत नाहीये.

दादा डहाणूचा तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा कर्ता. सुकाणू त्याच्या हातात, जाळं कुठे टाकायचं ते तो ठरवणार, आणि वारा फिरला तर शिव्याही त्यालाच. मी त्याच घरातला, पण मला बोट लागते. बंदरात बांधून ठेवलेल्या बोटीवर नुसता चढलो तरी पोटात ढवळायला लागतं. वडिलांनी मला समुद्रावर नेऊन नेऊन पाहिलं आणि शेवटी हात टेकले. "ह्याला कोरड्यावर ठेवा," म्हणाले. म्हणून मी शिकलो आणि तलासरीला मास्तर झालो, डोंगराच्या बाजूला, जिथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही. शाळा सुटल्यावर गणपतीत नाटकं बसवतो, लग्नात माईक मिळाला तर सोडत नाही. घरात बोलायचं काम माझं आणि बघायचं काम दादाचं, अशी वाटणी होती.

काचबिंदूने नेमकं ते बघणं धरलं. आणि धरलं तेही कडेने, कोणाला पत्ता लागू न देता. दादा समुद्रातून वीजकेंद्राची चिमणी आणि तिच्यामागचा महालक्ष्मीचा सुळका एका रेषेत धरून बोट आणायचा, आणि ते दोन्ही त्याला अगदी स्वच्छ दिसत होते. दिसत नव्हतं ते बाजूचं. एक दिवस त्याने भर उजेडात शेजाऱ्याच्या जाळ्याच्या तरंगत्या बोयांवरून बोट घातली. तो शेजारी ओरडला, "डोळे फुटले काय रे तुझे?" दादाने त्याला चौपट उत्तर दिलं. पुढे तपासलं तेव्हा डावा डोळा जवळजवळ गेलेला निघाला, आणि उजवा त्याच वाटेवर होता. शेजारी बिचारा महिनाभर तोंड लपवून फिरला, जणू त्याच्या शिवीनेच डोळा गेला.

थेंब सुरू झाले. एका थेंबाचे तीन झाले. मग उजव्या डोळ्याचं एक ऑपरेशन झालं. आतलं पाणी बाहेर जायला वाट करून दिली होती, ती दादाच्या धडधाकट शरीराने जखम समजून भरून टाकली. डोळ्यातला दाब पुन्हा चढला. राहिलेला एकच डोळा, आणि तोही असा. आम्ही सगळे हळू आवाजात बोलायला लागलो, आणि आमच्या घरात असं कधी होत नाही.

दवाखाना तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत. तिथल्या डॉक्टर मॅडम गुजराती, मराठी छान बोलायच्या, फक्त घाईत असल्या की मधूनच गुजरातीत शिरायच्या. त्यांनी टेबलावर नमुन्याची वस्तू ठेवली: नखाएवढी मऊ पांढरी पट्टी आणि तिला जोडलेली बारीक नळी.

"काका, डोळा रोज स्वतःचं पाणी बनवतो. तुमची बाहेर जायची वाट बंद. म्हणून दाब वाढतो आणि मागची नस सुकते. ही पट्टी मी डोळ्याच्या पांढऱ्यावर शिवणार, वरच्या पापणीखाली. नळी आत. पाणी नळीतून पट्टीखाली येणार."

दादाने ती वस्तू चिमटीत धरली, वाकवली, उजव्या डोळ्याजवळ नेली. "म्हणजे मोरीचं काम."

"तसंच समजा."

"आणि पाणी सोडणार कुठं? गालावर?"

"ना रे! आतच. पट्टीखाली छोटं डबकं होईल, तिथून शरीर पिऊन टाकेल." मग त्यांनी त्या नळीकडे बोट केलं. "नळी वरून घासली जाऊ नये म्हणून तिच्यावर एक पातळ तुकडा शिवावा लागतो. दान केलेल्या डोळ्याचा."

दादाने वस्तू खाली ठेवली. "कोणाच्या?"

"ते आम्हालापण सांगत नाहीत."

"बाईचा का बाप्याचा?"

"खरंच माहीत नाही, काका."

मी विनोद शोधत होतो, सापडला नाही. वहिनी म्हणाली, "माणसाचा आहे ना? मग झालं."

दादाने मान हलवली. मग त्याने हात जोडले. मॅडमना नव्हे, समोरच्या भिंतीला, जिथे कोणीच नव्हतं.

शेवटी मॅडमनी गाठीचं सांगितलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या गाठीचंच आहे. नळी पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली तर सगळं पाणी एकदम वाहून जाईल आणि डोळा हवा गेलेल्या फुग्यासारखा बसेल. म्हणून नळी दोऱ्याने आवळून बंद करायची. पाच-सहा आठवड्यांत पट्टीभोवती शरीराचं आवरण तयार होतं. तोवर दोरा आपोआप विरघळतो आणि नळी उघडते.

"आपोआप?" दादा म्हणाला.

"आपोआप."

"कोणी हात न लावता गाठ सुटणार?"

"हो."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की ह्या बाईला समजावण्याची जबाबदारी आता माझी. "मॅडम, आमच्यात अशी गाठ मारणाऱ्याला समुद्रात टाकतात."

मॅडम खळखळून हसल्या. पण त्याला उठताना पाहून त्यांचं हसू पुसलं गेलं. "एक ऐका. गाठ सुटेपर्यंत नळी बंद आहे. तोपर्यंत डोळा फक्त थेंबांवर आहे. थेंब चुकवू नका."

मासेमारी बंदीचे दोन महिने आमच्याकडे लग्नांचे, घराच्या डागडुजीचे आणि ऑपरेशनांचे. बोटी वर ओढलेल्या असतात, माणसं मोकळी असतात. दादाचं ऑपरेशन त्यातच बसवलं. ते नीट झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं बँडेज निघालं तेव्हा वहिनीने दवाखान्याच्या पायरीवरच हुकूम काढला, "भाऊजी, ह्यांना तलासरीला न्या. बंदरावर बसवले तर कोणाची तरी बोट ओढायला हात लावतीलच. तुमच्या डोंगरात कसली बोट आणि कसलं काय."

अशा रीतीने समुद्रावरचा माणूस माझ्या ओट्यावर आला. काळा गॉगल, पायजमा, मांडीवर काहीच काम नाही. समोर भातशेती. बाया चिखलात आवणी, म्हणजे भाताची लावणी, करत होत्या आणि दादा त्यांच्याकडे, भरतीला माणूस बघतो तसा, तासन्‌तास बघत बसायचा. शेजारची शेतकरीण, वयाने आमच्या आईएवढी, जाता-येता त्याला डिवचायची. "काय रं पाव्हण्या, दर्या सापडला का?"

"तुमच्या खाचरात बुडवलाय, मावशे. आवणी झाली की काढून द्या."

हळूहळू त्याने काम शोधलं. मावशीच्या बैलाचं दावं, माझ्या कपड्यांची दोरी, पलीकडच्या घरावरचं प्लास्टिक. जिथे जिथे दोर होता तिथे तिथे त्याने मूळची गाठ सोडून आपली मारली. मावशीला शिकवताना मी त्याला ऐकलंय: "आधी दोर पाण्यात बुचकळ, मावशे. मग ओढ. भिजलेली गाठ बापाला सुटायची नाही." आमच्या ओट्याला त्या पावसाळ्यात वाऱ्याने काही होणं शक्य नव्हतं. माझा एक टॉवेल अजून सुटलेला नाही.

सुरुवातीला संध्याकाळचे थेंब मी घालायचो, सकाळचे तो स्वतः. दर तपासणीला मॅडम म्हणायच्या, दाब आवाक्यात आहे, गाठ अजून सुटलेली नाही, चालायचं. पुढेपुढे तो रोज विचारायला लागला, "आज सुटली असेल?" मला काय ठाऊक! मी शाळेत भूगोल शिकवतो. मग एक दिवस त्याने विचारणं बंद केलं. संध्याकाळचे थेंबही म्हणे तो स्वतःच घालणार. "तुझा हात थरथरतो," म्हणाला. मला बरंच वाटलं. माणूस रुळला, म्हटलं.

एका सकाळी मी शाळेला निघालो आणि छत्री विसरली म्हणून परत फिरलो. दादा खिडकीजवळ स्टुलावर बसला होता. मान मागे, तोंड उघडं, बाटली डोळ्यावर धरलेली. त्याने बाटली दाबली, "हाय हाय" केलं, ते थेंब खरोखर झोंबतात, आणि हाताच्या पाठीने गाल पुसला. घरात कोणी नाही असं समजून नव्हे. मावशी ओट्यावर शेंगा सोलत होती आणि संध्याकाळी मी तिला विचारतो हे त्याला माहीत होतं. प्रयोग तिच्यासाठी होता.

आता बघा, मी आयुष्यभर खोटं रडणारे नट पाहिलेत, त्यातले निम्मे मीच उभे केलेत. काहीतरी चुकत होतं. मी जवळ गेलो. बाटलीचं टोपण काढलेलंच नव्हतं.

"दादा."

तो दचकला. बाटली त्याने मुठीत लपवली, एवढा बाप्या माणूस.

"टोपण."

"हां... राहिलं वाटतं."

"किती दिवसांपासून राहिलंय?"

मी बाटली काढून घेतली आणि उजेडात धरली. कधीची संपायला हवी होती. निम्म्याहून जास्त भरलेली होती.

"ओरडू नको," तो म्हणाला. "ऐक आधी. ती गाठ का सुटत नाही ते मला कळलंय. आपण रोज तिला भिजवत होतो. सकाळ-संध्याकाळ, आणि एक नाही, तीन-तीन औषधं. भिजलेली गाठ कधी सुटते का? सांग मला. तुझ्या जन्मात पाहिलीस? डोळा कोरडा ठेवला की दोर सुकेल, सैल पडेल, सुटेल."

त्याने हे थट्टेने म्हटलं नव्हतं. चाळीसेक वर्षं त्याच्या हातांनी जे खरं मानलं, ते त्याने आपल्या शेवटच्या डोळ्याला लावलं होतं.

"दुखतं का?"

"भुवईवर ठणकतं जरा."

"आणि?"

"दिव्याभोवती रंगाची कडी दिसतात. चांगलं आहे ते. आतून जोर येतोय. म्हणजे सुटायला आलीय."

मी वहिनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, कारण एकट्याने ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती. सगळं सांगून झालं. पलीकडे बंदरावरची कावळ्यांची कावकाव ऐकू येत होती. वहिनी मासळीबाजारात चार बायांना एका वेळी गप्प करते. मला वाटलं, आता फोन फुटणार. ती एवढंच म्हणाली, "ह्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन जा. मी येते." आणि मग, अगदी हळू, "अहो, मला विचारायचं तरी."

मॅडम त्या दिवशी हसल्या नाहीत. दाब मोजला, पुन्हा मोजला, गोळी दिली, ओळीने थेंब घातले, आणि दुपारपर्यंत तिथेच बसवून ठेवलं. दाब उतरायला लागला तेव्हा त्या स्टूल ओढून दादाच्या समोर बसल्या. तोवर वहिनीही आली होती, रिक्षातून उतरून तशीच, पदर खोचलेला.

"काका, तुमच्या दोरांचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण हा दोरा वेगळा आहे. हा ओलाव्यानंच विरघळतो. कोरडा ठेवला तर पाकिटात वर्षानुवर्षं तसाच राहतो."

"ओलाव्यानं?"

"ओलाव्यानं. आणि तो ओलावा डोळ्याचा स्वतःचा, आतला. तुम्ही वरून थेंब घाला, नका घालू, गाठीला काही फरक नाही. फरक डोळ्याला."

दादाने दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. ते हात मी लहानपणापासून पाहतोय, दोरांनी पडलेले घट्टे, एक वाकडं बोट. त्यांनी त्याला पहिल्यांदाच फसवलं होतं.

मग त्याची दिव्यांची तपासणी झाली. अंधाऱ्या पेटीत हनुवटी टेकवून बसायचं, कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. बाहेर आम्हाला बटणाचा आवाज ऐकू येत होता. मध्ये मध्ये तो खूप वेळ येत नव्हता. वहिनी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची. पेटीत दिवे लागत होते आणि त्याला दिसत नव्हते, एवढंच त्या शांततेत होतं.

कागदावर डोळ्याच्या नजरेचं चित्र आलं. मधला भाग पांढरा, आणि कडेचा काळा पट्टा आधीच्या कागदापेक्षा आत सरकलेला. "मधलं वाचलंय," मॅडम म्हणाल्या. "कडेचं गेलं ते येणार नाही. आता आहे ते सांभाळू."

परतताना जीपमध्ये आम्ही तिघे मागच्या बाकावर. हायवेवर ट्रकांची रांग होती. तलासरीचा फाटा आला तेव्हा दादा म्हणाला, "डावा गेला तेव्हा मला कळलंच नव्हतं. त्याचं दुःख नाही. ह्या वेळी रोज दिव्याभोवती कडी दिसत होती, आणि मी खूश होत होतो."

वहिनीने त्याचा हात धरला. जीपमध्ये इतर माणसं होती, त्यांच्यासमोर. आमच्याकडे नवराबायको असं करत नाहीत.

त्यानंतर थेंब वहिनीच्या हातात. ती डहाणूची धंद्याची जागा बहिणीवर सोपवून माझ्याकडे येऊन राहिली, आणि दिवसातून ठरल्या वेळी दादाची मान आपल्या मांडीवर घेऊन, "हलू नका, नाहीतर कानात घालीन" असं म्हणत थेंब टाकायला लागली. त्याने एकदाही तक्रार केली नाही. तेच मला बघवत नव्हतं.

गाठ सुटली ती एका साध्या सकाळी. तो उठला आणि म्हणाला, "धुकं पडलंय." बाहेर ऊन होतं. वहिनीच्या हातातला चहा सांडला. आम्ही धावत दवाखान्यात. मॅडमनी बघितलं, दाब मोजला, आणि चेहरा वर केला. "सुटली. पाणी वाहतंय. एकदम वाहिलं म्हणून धूसर दिसतंय, थोडे दिवस लागतील."

"आवाज नाही झाला," दादा म्हणाला.

"होत नाही, काका."

त्याने गॉगल पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "चांगली गाठ होती."

धूसरपणा ओसरला. दाब खाली राहिला. तीन थेंबांचा एकच राहिला. वहिनी त्याला डहाणूला घेऊन गेली आणि माझं घर एकदम मोठं झालं. पण खरा प्रश्न तिथे थांबलेला होता. बंदी उठत आली होती, बोटीला रंग लागला होता, आणि सुकाणू कोण धरणार हे कोणी त्याच्यासमोर काढत नव्हतं. बोटीवर वहिनीचा धाकटा भाऊ कितीतरी वर्षं खलाशी. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी कशाला बोलू? दाजी बोलतील."

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. दादाने बोटीची सगळी माणसं किनाऱ्यावर बोलावली आणि आपण वाळूत समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. "तू," त्याने मेव्हण्याला सांगितलं, "तिकडून, उजवीकडनं, माझ्याकडं चालत ये. मी समोर बघतो. दिसलास की 'आला' म्हणीन."

मेव्हणा चालत निघाला. सगळे बघत होते. मॅडमच्या पेटीत त्याला जे दिसलं नव्हतं, ते तो आता सगळ्यांसमोर पुन्हा तपासत होता. मेव्हणा निम्म्यावर आला. दादा गप्प. आणखी जवळ आला, मुद्दाम पाय वाजवत, वाळूत जेवढे वाजतील तेवढे.

"पाय वाजवू नको, गाढवा," दादा म्हणाला. "बोट पाय वाजवत येत नाही."

मेव्हणा पाय उचलून उचलून चालायला लागला. दादाच्या खांद्याला त्याचा खांदा लागला, तेव्हा दादा म्हणाला, "आला."

मेव्हण्याचे डोळे भरून आले, त्याने मान फिरवली. दादाने त्याची कॉलर धरून त्याला पुन्हा आपल्या समोर ओढला, जिथे तो दिसत होता. "उद्या नारळ मी वाहणार. सुकाणू तुझं. आणि रडायचं असेल तर जाळ्यावर रडू नको, आधीच खारट आहे."

पुनव झाली. बोटी निघाल्या तेव्हा मी दादाबरोबर धक्क्यावर होतो. आमची बोट बाहेर पडली आणि एका बाजूला वळली. मला ती सहज दिसत होती. दादाला नव्हती. त्याने मान वळवली, सापडली नाही, आणखी वळवली, मॅडमनी शिकवलं होतं तसं, हळूहळू, सगळं आभाळ पुसून काढल्यासारखं, आणि मग थांबला. सापडली. ती पुढे सरकली की त्याची मान सरकायची.

त्याने खिशातून फोन काढला.

"अरे, एवढा आतून काय चाललास? बाहेरून घे. हां. अजून. बस."

पलीकडून मेव्हण्याचा आवाज मलाही ऐकू आला, इंजिनाच्या धडधडीवरून ओरडून, "दाजी, तुम्हाला दिसतोय मी?"

"दिसतोयस," दादा म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून मान वळवत राहिला.